सुज्ञांस सांगणे न लगे: कॉलेजात शिकवतात ते ‘पटवण्याचं शास्त्र’

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर विजेचा एक खांब आहे. त्या खांबावर बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. मास मीडियाची नवी बॅच आली की पहिल्या तासाला मी फळ्याकडे वळतच नाही. सगळ्यांना खाली नेते, त्या फ्लेक्ससमोर उभं करते आणि विचारते, “हा कुणाला काय पटवतोय?”

मुलं हसतात. मग कुणीतरी म्हणतं, “मॅम, पटवतोय कुठे? हॅपी बर्थडे म्हणतोय फक्त.”

बरं. मग त्यावर काय काय आहे ते तरी बघू या. मधोमध उत्सवमूर्ती. पांढरा कुर्ता, गॉगल, एका हातातला मोबाइल कानाला, दुसरा हात चालता चालता मागे गेलेला, जणू फोटोग्राफरलाच वेळ साधून टिपावं लागलं. वरच्या रांगेत गोल चकत्यांमध्ये थोर मंडळी, महाराजांपासून पक्षाच्या जिल्हाध्यक्षांपर्यंत. नावाआधी ‘कार्यसम्राट’, नावाखाली ‘युवकांचे आशास्थान’, कोपऱ्यात जरा बारीक अक्षरात ‘भावी नगरसेवक’. तळाला ‘शुभेच्छुक’ आणि त्यापुढे पासपोर्ट आकाराचे तीसेक चेहरे, निम्मे तसल्याच गॉगलात.

नुसत्या शुभेच्छा द्यायच्या तर एवढा खटाटोप कशाला? त्या माणसाचा फोन चालू आहे, हे चित्रातच दिसतंय. एक कॉल केला असता तरी भागलं असतं. म्हणजे फ्लेक्सचं काम दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काम जे वाक्य करतं ते फ्लेक्सवर छापलेलं नाही. ते वाक्य शोधणं हाच आमचा विषय.

इंग्रजीत त्याला रेटरिक म्हणतात. मराठीत धड शब्द सापडत नाही. ‘वक्तृत्वशास्त्र’ म्हटलं की डोळ्यांपुढे शाळेची स्पर्धा येते: ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’, पाठ केलेलं भाषण आणि वेळ संपल्याची घंटा. ‘अलंकारशास्त्र’ म्हणावं तर गाडी कवितेकडे वळते. खुद्द ‘रेटरिक’ या शब्दाचं तर आपण पार मातेरं केलंय. ‘हे नुसतं रेटरिक आहे’ म्हणजे पोकळ बडबड. म्हणून मी वर्गात ‘पटवण्याचं शास्त्र’ म्हणते. ‘पटवणं’ ऐकून पोरं खुदखुदतात. खुदखुदू देत. अर्थ काही फार लांबचा नाही.

आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र पेपर सहसा नसतो. जाहिरात, पत्रकारिता, भाषा अशा विषयांत तो तुकड्या-तुकड्यांनी येतो. अमेरिकेत मात्र हे जुनं प्रस्थ आहे. बर्कलीच्या विद्यापीठात तर त्याचा वेगळा विभाग आहे, आणि अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गात प्रत्येकाला, पुढे तो इंजिनीअर होवो की डॉक्टर, एखादी जाहिरात, भाषण किंवा गाणं घेऊन ‘हे ऐकणाऱ्याला कसं वळवतं’ यावर निबंध लिहावा लागतो. यातलं ‘कसं’ महत्त्वाचं. ‘वळवतं का’ किंवा ‘खरं आहे का’ हे पुढचे प्रश्न.

या शास्त्राचा जन्म, परंपरा सांगते त्याप्रमाणे, जमिनीच्या भांडणातून झाला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरच्या सिराक्यूजमध्ये जुलमी राजवट कोसळली. हिसकावलेल्या जमिनी परत मागायला लोक न्यायसभेपुढे उभे राहू लागले. वकील नाहीत, सातबारा नाही. ज्याला आपली बाजू नीट मांडता येईल त्याची जमीन. तेव्हा मांडणी शिकवणारे गुरू निघाले. कोरॅक्स नावाचा माणूस त्यांतला पहिला, असं मानतात. पुढे हे लोण अथेन्सला गेलं आणि प्लेटोच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या मते हे शास्त्र म्हणजे आचाऱ्याची कला: वैद्य औषध देतो, आचारी जिभेला आवडेल ते देतो, आणि लहान मुलांना निवड करायला सांगितली तर वैद्य उपाशी मरेल. रील्सच्या जमान्यात हा दृष्टांत मुलांना फार समजावून सांगावा लागत नाही.

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. 384 ते 322) गुरूइतका चिडला नाही. तो म्हणाला, कोणत्याही प्रसंगी पटवण्याची कोणकोणती साधनं हाताशी आहेत ते ओळखण्याची ताकद म्हणजे रेटरिक. मग त्याने तीन साधनं सांगितली, आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांना ती तीनच आठवतात. बोलणाऱ्याची पत म्हणजे ईथॉस. ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था म्हणजे पॅथॉस. मुद्दा, युक्तिवाद म्हणजे लोगॉस.

हे त्रिकूट त्रिफळा चूर्णासारखं झालंय. कशावरही द्या. मुलं तीन रंगांचे हायलाइटर घेऊन बसतात: डॉक्टरचा पांढरा कोट दिसला, ईथॉस, बाळ रडलं, पॅथॉस, ‘दहापैकी नऊ’ आलं, लोगॉस. रंग भरले की उत्तर संपलं. असे पेपर तपासून मला कंटाळा आलाय, म्हणून हे सांगते. नुसती वर्गवारी करून कळत काहीच नाही. भाजीत मीठ, मोहरी, हिंग आहे हे ओळखलं म्हणजे ती भाजी का जमली ते कळलं असं होत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलची खरी कामाची कल्पना या तिघांच्या मागे झाकली जाते. तिचं नाव एन्थिमीम. नाव अवघड, गोष्ट सोपी: ज्यातला एक दुवा मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो असा युक्तिवाद. त्याने स्वतः उदाहरण दिलंय. डोरिअस नावाच्या मल्लाला मुकुट मिळाला हे सांगायचं असेल तर ‘तो ऑलिम्पिक जिंकला’ एवढं पुरे. ऑलिम्पिकमध्ये बक्षीस म्हणून मुकुट देतात, हे वाक्य घालायची गरजच नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऐकणारा ते मनातल्या मनात घालून घेतो.

आपल्याकडे पाट्या लिहिणाऱ्यांनी याला कधीच नाव देऊन ठेवलंय: ‘सुज्ञांस सांगणे न लगे’. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘काही सभासदांकडून पाण्याचा अपव्यय होत आहे’ असं लिहून खाली हे वाक्य टाकलं की तिसऱ्या मजल्यावरचे काका आपोआप गाडी धुवायची नळी गुंडाळून ठेवतात. त्यांचं नाव कुणी घेतलेलं नसतं.

यातली गोम अशी, की आपण स्वतः भरलेलं वाक्य आपल्याला दुसऱ्याचं वाटत नाही. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर वाद घालता येतो, पण स्वतःच पुरवलेल्या गोष्टीवर कोण वाद घालेल? गाडगेबाबांच्या कीर्तनात ही युक्ती उघड दिसते. ते सिद्धान्त मांडत बसत नसत. समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत. देवाला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्यावर कुत्रा आला तर हाकलतं कोण, अशा वळणाचे. लोक मोठ्याने उत्तरं देत. दोन-चार उत्तरं झाली की जो निष्कर्ष समोर उभा राहायचा तो बाबांचा नसायचाच, लोकांनी स्वतःच्या तोंडाने काढलेला असायचा. तोच निष्कर्ष त्यांनी सरळ सुनावला असता तर निम्मे लोक उठून गेले असते.

आता जाहिरातीकडे. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजीवर घालवते. आजच्या मुलांनी ती टीव्हीवर पाहिलेली नाही, पण त्यांच्या आयांना ती तोंडपाठ असते.

आधी पार्श्वभूमी. हिंदुस्थान लिव्हरची सर्फ पावडर भारतात 1959 मध्ये आली आणि शहरी मध्यमवर्गाच्या मोरीत जाऊन बसली. 1969 मध्ये गुजरातेत करसनभाई पटेल यांनी निरमा काढली. ते सरकारी नोकरीतले रसायनतज्ज्ञ. सुरुवातीला सायकलवरून घरोघरी पुड्या विकल्या, आणि किंमत सर्फपेक्षा कितीतरी कमी. ऐंशीच्या दशकात निरमा खपात सर्फच्या पुढे गेली. लिव्हरपुढे पेच असा: आपली पावडर महाग आहे, हे तर खरंच. ते लपवता येत नाही. मग करायचं काय?

लिंटास या जाहिरात कंपनीचे अलेक पदमसी यांनी जे केलं ते ललिताजी. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. पांढरी निळ्या काठाची साडी, कपाळावर कुंकू, चेहऱ्यावर ‘मला कुणी बनवू शकत नाही’ असा भाव. ती बाजारात भाजी घेते, भावावरून घासाघीस करते. मग पडद्याबाहेरून एक पुरुषी आवाज तिला टोकतो: एवढी काटकसर करता, मग सर्फ कशी काय घेता? आणि ती ठणकावते, सस्ती चीज़ और अच्छी चीज़ में फ़र्क होता है, भाईसाहब. अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर, असा हिशेबही सांगते. पदमसींनी ही बाई आपल्या आईवरून बेतली होती. घरात पैसा असूनही पैशापैशाचा हिशेब ठेवणारी.

मुलांचे हायलाइटर लगेच निघतात. “मॅम, अर्धा किलो बरोबर एक किलो, हे लोगॉस!” आहे ना. पण त्या हिशेबावर कुणी विश्वास का ठेवावा? तो हिशेब कंपनीच्या साहेबाने सुटाबुटात येऊन सांगितला असता तर कुठल्याही मराठी बाईने ‘तुम्ही तर म्हणणारच’ म्हणून चॅनल बदललं असतं, तेव्हा दुसरं चॅनल असतं तर. हिशेबाला वजन येतं ते आधीच्या भाजीमुळे. भाजीचा प्रसंग साबणाबद्दल एक अक्षर बोलत नाही, पण सगळं काम तोच करतो.

इथे मी फळ्यावर एक देशी हत्यार काढते. आपल्या न्यायशास्त्रात युक्तिवादाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नेहमीचा दाखला डोंगराचा. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर दिसतो (हेतू). जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण). हा डोंगरही तसाच धुराचा (उपनय). म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन). नैयायिक भारी चिकट माणसं. पाचांतलं एकही गाळू देत नाहीत. मला नेमका हाच चिकटपणा हवा असतो. एन्थिमीम जे गिळतो ते पंचावयव ओकायला लावतो. तर मुलांनो, ललिताजीची जाहिरात पाच ओळींत लिहा.

लिहितात. प्रतिज्ञा: सर्फ घेणं शहाणपणाचं आहे. हेतू: कारण ललिताजी सर्फ घेते. आणि मग तिसऱ्या ओळीवर पेन अडकतं, कारण तिथे ‘जिथे जिथे, तिथे तिथे’ लिहायचं असतं. मागच्या वर्षी एका मुलीने उठून वाचून दाखवलं: “जी जी बाई भाजीवाल्याशी घासाघीस करते, तिला तिला कपड्याच्या पावडरीची पारख असते.” वर्ग हसून हसून लोळला. मोठ्याने म्हटलं की हास्यास्पद वाटतं. जाहिरातीत ते कुणी मोठ्याने म्हटलेलंच नाही. भावात घासाघीस करणाऱ्या लाखो बायकांनी ते मनात घातलं, आणि घालताना स्वतःलाही एक शाबासकी दिली: मीही घासाघीस करते, म्हणजे मीही शहाणी.

दुसरी रिकामी जागा आणखी मजेची आहे. ती ‘सस्ती चीज़’ म्हणते, निरमाचं नाव घेत नाही. घ्यायची गरज काय? सुज्ञांस सांगणे न लगे.

एवढं होऊनही आमच्या घरी कपडे निरम्यातच भिजायचे. आईला ललिताजी फार आवडायची, ती बोलायला लागली की आई लाटणं थांबवून ऐकायची, आणि महिन्याच्या यादीत निरमाच लिहायची. ब्रिटनमधले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये टीव्हीबद्दल हेच मांडलं: संदेश पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ पाहणारा जसाच्या तसा घेईल याची खात्री नाही. कुणी पूर्ण स्वीकारतो, कुणी उलटा वाचतो, आणि बरेच जण आईसारखी तडजोड करतात: बाई म्हणते ते पटतं, पण पगार तेवढा नाही. कंपनीलाही ते कळलं असावं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लिव्हरने व्हील नावाची स्वस्त पावडर बाजारात आणली.

शब्दच नसलेल्या चित्रातही हा रिकामा दुवा असतो का? असतो, आणि तो उलगडून दाखवण्याचं श्रेय फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांना जातं. 1964 मध्ये त्यांनी पान्झानी नावाच्या पास्ता कंपनीची एक छापील जाहिरात घेतली. दोऱ्यांच्या जाळीची पिशवी अर्धवट उघडी, तिच्यातून पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, कांदे, मिरच्या बाहेर डोकावताहेत. मागे लाल रंग, वर हिरवा-पिवळा. बार्थ म्हणतात, उघडी पिशवी सांगते की बाई आत्ताच बाजारातून आली, सगळं ताजं आहे. टोमॅटो, मिरची आणि रंग सांगतात की हे इटालियन आहे. पाकिटातला पास्ता ताज्या भाजीशेजारी ठेवला, एवढ्यानेच तोही ताजा झाला. वर त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली: हे ‘इटालियनपण’ फ्रेंच माणसाला दिसतं, खुद्द इटलीतल्या माणसाला फारसं जाणवणार नाही.

आपल्या किराणा दुकानात जाऊन मसाल्याची पाकिटं बघा. नऊवारीतली आजी, पितळी डबा, पाटा-वरवंटा. मसाला यंत्रावर दळलाय हे आपल्याला ठाऊक असतं, पाकिटावरही कुठे पाट्यावर वाटल्याचा दावा नसतो. आजी फक्त शेजारी बसलेली असते. ती आपल्या आजीसारखी दिसते हे आपणच ठरवतो. ज्यांच्या आज्या पाचवारी नेसायच्या, किंवा पंजाबी ड्रेस घालून नोकरीला जायच्या, त्यांनाही ती आपलीच वाटते, हे मला आजवर उलगडलेलं कोडं नाही.

अमेरिकन विचारवंत केनेथ बर्क यांनी 1950 मध्ये या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द ठेवला: एकरूपता. माणसाचं मन वळवायचं तर त्याच्या भाषेत, त्याच्या हावभावात, त्याच्या सुरात बोला; ‘मी तुमच्यातलाच’ हे आधी पोचलं की बाकीचं मागून येतं. पाहुणे नेते सभेत पहिली दोन वाक्यं अहिराणीत किंवा मालवणीत का बोलतात, ते यावरून कळतं. त्या दोन वाक्यांत आश्वासन नसतं, धोरण नसतं, बऱ्याचदा व्याकरणही नसतं. तरी टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त.

फ्लेक्सकडे परत जाऊ. सत्राच्या शेवटी मुलांनी एक नमुना निवडून त्यावर लिहायचं असतं. कुणी कोचिंग क्लासचं पत्रक घेतं, कुणी घरच्या ग्रुपवरचं ‘आलं तसं पाठवलं’ छापाचं फॉरवर्ड. एका मुलाने फाटकासमोरचाच फ्लेक्स निवडला. पहिला मसुदा ठरल्याप्रमाणे: वरची रांग ईथॉस, ‘युवकांचे आशास्थान’ पॅथॉस. मी परत पाठवला आणि एवढंच लिहिलं, ‘ऐकणारा कोण?’

पोरगा हुशार. तो फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन बसला. तिथे त्याला कळलं की भांडण होतं ते घोषणेवरून नव्हे, फोटोंवरून. कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा चेहरा नखभर मोठा, वरच्या रांगेत कुणाला घ्यायचं आणि कुणाला विसरायचं. वर्गणी देणाऱ्याचा चेहरा तळाच्या रांगेत येतो. आणि फ्लेक्स लावायची जागा ठरते ती लोकांची वर्दळ बघून नाही. मोठ्या साहेबांची गाडी कुठून जाते ते बघून.

मग त्याने पाच अवयव लिहिले. प्रतिज्ञा: या माणसाला तिकीट द्यावं. हेतू: कारण याच्यामागे तीस चेहरे आहेत. उदाहरण: ज्याच्या ज्याच्यामागे स्वतःचा फोटो छापायला पैसे देणारी पोरं असतात, तो तो वॉर्ड काढतो. उपनय: हा तसाच. निगमन फ्लेक्सवर आहे, पण कोपऱ्यात, आणि दोनच शब्दांचं: भावी नगरसेवक. आपण रस्त्यावरचे लोक या संभाषणात नाहीच, असं त्याने लिहिलं. आपण फक्त साक्षीदार, ज्यांच्यासमोर हे बोललं गेलं म्हणून त्याला वजन येतं.

त्याला मी पूर्ण गुण दिले, एक गुण कापून. वरच्या रांगेबद्दल त्याने एक गोष्ट लिहायची सोडली होती. पुढच्या वर्षी नवी बॅच घेऊन मी त्याच खांबाखाली उभी राहिले तेव्हा तोच वाढदिवस होता, तोच कुर्ता, तोच कानाला लावलेला फोन. बहुधा फ्लेक्सही तोच, जपून ठेवलेला. वरच्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्या चकतीवर तेवढा दुसऱ्या एका नेत्याचा चेहरा चिकटवला होता, आणि पावसाने त्याची एक कड सुटली होती. खालून जुन्याची मिशी दिसत होती.